पूल नसलेलं लाकडी शहर

मी एक जुना नमुना आहे. 'नमुना' म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल, कारण वर्गातल्या एखाद्या वात्रट मुलालाही बाई कपाळावर हात मारून हेच म्हणतात. पण मी तसला नमुना नव्हे. मी एका अख्ख्या शहराचा लाकडी नमुना आहे. चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद. तुम्हाला हजार पावलं चालावी लागतील असा रस्ता माझ्या अंगावर एका पावलात संपतो. माझा समुद्र निळ्या काचेचा, रस्ते खरखरीत घासकागदाचे आणि झाडं वाळवलेल्या स्पंजाची आहेत. घरं मात्र सगळी लाकडाची, एकूण सहा हजार चारशे बारा.

मित्रांनो, मला खेळण्यासाठी बनवलं नव्हतं. माझ्या शहराला आशियातलं व्यापाराचं मोठं ठाणं व्हायचं होतं. दूरदेशीच्या कंपन्यांनी इथे यावं, कचेऱ्या थाटाव्यात, माणसं कामाला लावावीत, म्हणून बंदराजवळ एक कार्यालय उघडलं होतं. पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायचं कसं? गाडीतून हिंडवावं तर अर्धा दिवस रहदारीत जायचा. म्हणून ठरलं, की शहरच टेबलावर आणायचं. ते टेबल म्हणजे मी.

मला घडवलं ते मिस्त्रींनी. हातात वही घेऊन ते गल्लीगल्लीतून पावलं मोजत फिरायचे आणि संध्याकाळी कारखान्यात येऊन त्या पावलांचं लाकूड करायचे. त्यांच्याबरोबर त्यांची सात वर्षांची मुलगी असे. लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून ते तिला ठकी म्हणत. माझ्या मध्यभागी कुणाचाच हात पोहोचत नसे, तेव्हा मिस्त्रींनी माझ्यावर एक फळी आडवी टांगली होती. ठकी वजनाने हलकी. ती त्या फळीवर पोटावर सरपटत यायची आणि चिमट्यात धरलेलं एकेक घर माझ्या छातीवर अलगद ठेवायची. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून.

कुणी आलं की मिस्त्री म्हणायचे, "हा माझा थोरला. आणि ती धाकटी."

खरं सांगतो, मला ती धाकटी तेव्हापासूनच डोळ्यांत खुपायची. मिस्त्री माझ्या बंदरावर कानस घासत असायचे, काम ऐन रंगात आलेलं असायचं, आणि ही खुशाल म्हणायची, "बाबा, माझी बुटाची नाडी सुटली." झालं! कानस खाली. माझं बंदर अर्धवट ठेवून ते नाडी बांधायला गुडघ्यावर बसायचे. मला कुठे बूट होते?

दीड वर्षाने मी पूर्ण झालो आणि कार्यालयाच्या मोठ्या दालनात येऊन बसलो. मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. एक तरुण साहेब हातात लांब काठी घेऊन माझ्याशेजारी उभे राहायचे. माझ्या कडेला बटणं होती. पिवळं दाबलं की बंदर उजळायचं, तांबडं दाबलं की बँकांचा रस्ता, हिरवं दाबलं की बागा. पाहुणे 'ओहो' म्हणायचे. एकदा यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे मालक आले. साहेबांचं भाषण चालू असताना ते सरळ गुडघे टेकून बसले आणि डोळा माझ्या एका रस्त्याच्या तोंडाशी लावून पाहत राहिले. मग उठून त्यांनी एका मोकळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे." वर्षभरात त्या जागी खरी इमारत उभी राहिली, आणि मिस्त्रींनी तिची लाकडी बहीण माझ्यावर बसवली. त्या दिवशी मला वाटलं, शहर मीच चालवतो.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्री त्यांची पेटी घेऊन यायचे. कुठे मजला चढला, कुठे रस्ता वळला, कुठे झाड पडलं, सारं ते माझ्यावर उतरवायचे. काम करता करता माझ्याशी बोलायचेही. "थोरल्या, तुझं मासळी बाजारामागचं गोदाम पाडलं रे. दुखेल थोडं." असं म्हणून पटाशीने ते गोदाम अलगद उचलायचे. मला दुखायचं नाही. उलट बरं वाटायचं. शहरात काय चाललंय हे मला कळायचं.

मत्सर काही एकट्या माझ्यात नव्हता बरं का! त्या कार्यालयाचं पोटच मत्सरावर भरायचं. समुद्रापलीकडे दुसरं एक मोठं शहर होतं. त्यालाही व्यापाराचं ठाणं व्हायचं होतं. त्याने विमानतळ वाढवला की आमच्या साहेबांच्या पोटात दुखायचं. त्याने उंच इमारत बांधली की यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "त्यांच्याकडे काय आहे जे आपल्याकडे नाही?" असं साहेब रोज विचारायचे. आणि एके दिवशी त्यांना उत्तर मिळालं. पलीकडच्या शहराकडे पडदा होता.

मग आमच्याकडेही पडदा आला. चांगल्या अठरा वर्षांनी माझ्या दालनात कुणी तरी पाहुणा राहायला आला, आणि आला तो मालक होऊन. भिंतभर चकचकीत काळा पडदा. बटण दाबलं की त्यावर शहर उजळे. पक्ष्यासारखं वरून झेपावे, इमारतींच्या मधून वळे, समुद्रावरून सूर मारे. अजून न बांधलेल्या इमारतीही त्यात उभ्या असत. आणि ते सगळं केलं होतं कुणी? ठकीने! ती बाहेर शिकून मोठी झाली होती, संगणकावर शहरं रचत होती. कार्यालयातले लोक तिला मॅडम म्हणत होते.

पडद्याच्या उद्घाटनाला मिस्त्री आले. नवा सदरा घातला होता. मी मनात म्हटलं, आता ते माझ्याकडे येतील, माझ्या काठावरून हात फिरवतील आणि 'थोरल्या' म्हणतील. ते आले, माझ्या समुद्राच्या कोपऱ्याला त्यांची पिशवी घासली, आणि ते तसेच पुढे गेले. अंधार झाला. पडद्यावर शहर उडू लागलं. मिस्त्री तोंड उघडं ठेवून बघत होते. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले, "माझी मुलगी. हे माझ्या मुलीनं केलंय."

थोरल्याचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्याच आठवड्यात चार माणसांनी मला उचललं आणि मागच्या बोळात नेऊन ठेवलं. मिस्त्री पेटी घेऊन आले तेव्हा साहेब, जे आता मुख्य साहेब झाले होते, हसून म्हणाले, "काका, आता कशाला त्रास घेता? कुठे काही बदललं तर पडद्यावर दोन मिनिटांत होतं."

"आणि याचं?" मिस्त्रींनी बोळाकडे बोट केलं.

"राहू दे की. आठवण म्हणून."

मित्रांनो, एखाद्याला आठवण म्हणून ठेवलं की त्याचं काय होतं ते मला विचारा. माझ्यावर मेणकापड पडलं. मेणकापडावर फायली आल्या. कुणाला कप ठेवायला जागा हवी असली की मेणकापडाचा कोपरा उचलून तो माझ्या समुद्रावर ठेवला जाई. झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्या अधूनमधून फडकं मारायच्या आणि पुटपुटायच्या, "एवढं मोठं धूड, ना बसायला ना झोपायला."

मी त्या बोळात आठ वर्षं काढली आणि आठही वर्षं एकच काम केलं. दालनाच्या दाराखालून येणारा उजेड मेणकापडाच्या फटीतून पाहिला. उजेड निळा झाला की समजायचं, पडदा लागला. मग टाळ्यांची वाट पाहायची. कमी वाजल्या की मला गोड वाटायचं. जास्त वाजल्या की दिवस वाया. मी त्या पडद्याला मनातल्या मनात किती शाप दिले! तडा जावो, वीज जावो, उंदरांनी तारा कुरतडोत. एकदा भर कार्यक्रमात खरंच वीज गेली. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. चार मिनिटांत परत आली मेली.

आणि ठकी? ती रोज त्या बोळातून जायची. एकदाही तिने मेणकापड उचललं नाही. उलट माझ्याजवळ आली की तिची पावलं भरभर पडायची. मला वाटायचं, जिंकली आहे, म्हणून वळून बघत नाही.

मग तो दिवस आला, ज्याची साहेब तीन महिने तयारी करत होते. एका मोठ्या कंपनीला या सगळ्या भागासाठी मुख्य कचेरी उघडायची होती. चार हजार माणसांना काम मिळणार होतं. शर्यतीत दोनच शहरं उरली होती, पलीकडचं आणि आमचं. निर्णय घेणाऱ्या पाहुण्या बाई स्वतः आल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, पायात साधे बूट, सोबत एक दुभाष्या.

दाराखालचा उजेड निळा झाला. वाद्यं वाजली, शहर उडलं, थांबलं. मी कान देऊन बसलो. टाळ्या वाजल्या, पण फक्त आमच्याच माणसांच्या.

"छान आहे," दुभाष्याचा आवाज आला. "बाई म्हणतात, असाच पडदा त्यांनी गेल्या आठवड्यात पलीकडच्या शहरातही पाहिला. पक्षीसुद्धा असेच उडत होते."

साहेबांचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं नाही, पण दिसल्यासारखंच झालं. मी खूश! पोट भरून खूश!

"बाई विचारतात, इथे काम करणारी माणसं राहतील कुठे? समजा एखादी लेकुरवाळी बाई आहे. मुलाला शाळेत सोडून ती चालत कचेरीत कशी येईल? वरून नको. तिच्या डोळ्यांनी दाखवा."

दाराखालचा उजेड हलू लागला; ठकी पडदा पुढे नेत होती, मागे आणत होती. तो झेपावला, वळला, पण पायी काही चालेना. तो उडण्यासाठीच बनवलेला होता. मग दार उघडलं आणि ठकी बोळात आली. माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली. तिने फायली जमिनीवर उतरवल्या आणि मेणकापड ओढलं.

"इकडे या," ती म्हणाली. "इथून दाखवते."

काय सांगू तुम्हाला! आठ वर्षांनी अंगावर उजेड पडला. मी म्हटलं, बघ पडद्या, बघ! शेवटी शहर कोण आहे ते बघ!

पाहुण्या बाई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी आपली दोन बोटं माणसाच्या पायांसारखी उभी केली आणि टेकडीखालच्या वस्तीतून ती चालवायला सुरुवात केली. एक पाऊल, दुसरं पाऊल, शाळा, बाजार, दवाखाना. बोटं नदीपर्यंत आली आणि काठावर थांबली.

"आता नदी कशी ओलांडायची?"

"पूल आहे ना," साहेब घाईने म्हणाले. "मोठा पूल आहे. पायी जायला वेगळी वाट आहे त्याला."

"कुठे आहे?"

माझ्यावर पूल नव्हता. होता तो होड्यांचा जुना धक्का, काडेपेटीएवढा. पूल झालेला मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कधी झाला पूल?" बाईंनी विचारलं.

"पाच वर्षं झाली," ठकी खाली बघत म्हणाली.

बाईंनी बोटांची धूळ झटकली. मग त्या हळू आवाजात काही तरी बोलल्या. दुभाष्या जरा अडखळला आणि म्हणाला, "बाई म्हणतात, जे लोक आपल्याच शहराकडे पाच वर्षं बघत नाहीत, ते आमच्याकडे किती वर्षं बघतील? बाई परवा परत जाणार आहेत. जाण्याआधी एकदा येतील."

मित्रांनो, माझी वेळ आली होती आणि मीच तोंडघशी पडलो होतो. पडद्याला निदान पूल ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आले. ठकी त्यांना हाताला धरून आणत होती. ते थकले होते. डोळ्यांवर जाड भिंगं होती आणि हात सारखा थरथरत होता. त्यांनी माझ्या काठावर तळवा ठेवला आणि पाहिला. तळवा काळा झाला होता.

"अगं ठके," ते म्हणाले, "एवढी दुर्दशा?"

ठकीने त्यांच्या हातात फडकं दिलं.

मिस्त्रींनी पेटी उघडली. पातळ फळी घेतली, पेन्सिलीने कमानी आखल्या आणि करवत धरली. पहिली कमान तिरपी गेली. दुसरी मोडली. तिसऱ्या वेळी करवत त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी बोट तोंडात धरलं, करवत पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"माझ्यानं नाही व्हायचं आता."

"मी करते, बाबा. माझ्याकडे यंत्र आहे. माप दिलं की जसंच्या तसं छापून देतं."

"लाकडात?"

"नाही. प्लॅस्टिकमध्ये."

मिस्त्रींनी मोडलेली कमान बोटांत फिरवून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कर."

दुपारी ती पूल घेऊन आली. पांढराशुभ्र, हलका, कमानी एकसारख्या. पडद्याच्या घरातलं लेकरू माझ्या छातीवर बसायला आलं होतं! माझा नुसता जळफळाट झाला. ठकीने धक्का काढला आणि पूल खाचेत दाबला. तो बसेना. डावीकडून बसला की उजवीकडून उचले.

"माप तर बरोबर आहे," ती वैतागून म्हणाली. "याचं लाकूड फुगलंय."

"रुसलंय," मिस्त्री म्हणाले.

"नाही बाबा, दमट हवेनं."

"दमट हवेनं रुसलंय." ते हसले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोटाने खाच चाचपली. जिथे मी फुगलो होतो तिथे नेमकं बोट थांबलं. घासकागदाचा तुकडा घेऊन ते घासू लागले. त्या कामात मात्र हात थरथरला नाही. "याला जबरदस्ती चालत नाही. हळूहळू घ्यावं लागतं. लहानपणापासून असाच आहे."

ठकी त्यांच्याकडे बघत होती. एकाएकी ती म्हणाली, "याच्याशी बोलता तसं माझ्याशी कधी बोललात का, बाबा?"

मिस्त्रींचा हात थांबला.

"मी त्या फळीवर तास न् तास पालथी पडायचे. वाटायचं, घर नीट ठेवलं की तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही घराकडे बघायचात. मग मी मुद्दाम नाडी सोडायचे." तिने दालनाकडे बोट केलं. "तो पडदा मी कशासाठी केला माहीत आहे? एकदा तरी तुम्ही याच्याकडे पाठ करून माझ्याकडे बघावं म्हणून. त्या दिवशी बघितलंत. आणि मग याला झाकून टाकायला मीच सांगितलं साहेबांना. मीच."

मित्रांनो, माझ्या सहा हजार चारशे बारा घरांत त्या क्षणी शांतता होती. मी इतकी वर्षं जिला पाण्यात पाहिलं, ती मला जन्मभर पाण्यात पाहत होती. आणि आमच्या दोघांच्या मधला माणूस घासकागद हातात धरून बसला होता. दोघांचं एवढं जळतंय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "लाकडाशी बोलणं सोपं असतं गं. ते उलट विचारत नाही." मग त्यांनी तिचा हात ओढला, तिचं बोट माझ्या खाचेत ठेवलं आणि वरून आपलं बोट ठेवलं. "इथे. लागतंय का? एवढंच राहिलंय. घास."

तिने घासलं. पूल बसला.

ठरल्याप्रमाणे पाहुण्या बाई आल्या. मला दालनात आणलं होतं, धूळ पुसली होती. साहेबांनी ठकीला हळूच सांगितलं होतं, "पूल परवा साफसफाईला काढला होता, असं म्हणा." बाईंनी पुन्हा बोटं चालवली. ती पांढऱ्या पुलावर चढली, पलीकडे उतरली आणि दोन गल्ल्या ओलांडून कचेरीच्या जागेशी पोहोचली.

"हा पूल नवा दिसतो," बाई म्हणाल्या.

ठकीने साहेबांकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे. "काल बसवला. खरा पूल पाच वर्षांचा आहे. आमचं बघायचं राहून गेलं होतं. चूक माझी आहे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र मान डोलावली आणि वहीत काही तरी लिहिलं.

महिन्याभराने पत्र आलं. मुख्य कचेरी पलीकडच्या शहरात गेली. पण पत्राच्या खालच्या भागात आणखी एक ओळ होती. कंपनीचा दुरुस्ती आणि शिक्षणाचा विभाग, सहाशे माणसांचा, आमच्या शहरात येणार होता. जागाही कळवली होती. पुलापासून दोन गल्ल्या. मुख्य कचेरीच्या मानाने हे काहीच नव्हे, असं साहेब म्हणतात. ज्या सहाशे घरांत कामाची पत्रं गेली, त्या घरांना तसं वाटत नसावं.

आता मी दालनात आहे. पडदा समोरच्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना आधी तो उडवून आणतो, मग मी चालवतो. खोटं कशाला सांगू, त्याला टाळ्या पडल्या की अजूनही माझ्या पोटात दुखतं. सवय जात नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठकी येते. मिस्त्री खुर्चीवर बसतात. शहरात काय पाडलं, काय बांधलं, ते ती एकेक करून सांगते. मला आणि त्यांना एकदमच. ते मध्येच उलट विचारतात, दोघांचं वाजतं, मग हसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. एखादं जुनं माणूसही असेल. त्यांच्यावरची धूळ झटका, ते तर कराच. पण फडकं तर बोळातल्या मावशीही मारत होत्या. तेवढ्याने कुणी जपलं जात नाही. त्यांच्याजवळ घटकाभर बसा, आणि आज बाहेर काय नवं झालं ते त्यांना सांगा.